अंगसच्या कहाणीचे दाणे

वैनी, देवळीतल्या दाण्यांना सोंडे लागले. परवा फडकं सोडून बघितलं तर निम्मी ज्वारी पोकळ. आपल्या घरची रीत तुला काय सांगायची? कहाणी ऐकायला बसायचं ते मुठीत दाणे धरून, आणि कहाणी सुफळ झाली की मगच ते तुळशीपाशी वाहायचे. मधेच पाहुणा आला, गाय व्याली, काही अडलं, तर दाणे फडक्यात बांधून देवळीत ठेवायचे आणि पुन्हा बसू तेव्हा तेच मुठीत घ्यायचे. अर्ध्या कहाणीचे दाणे कुणी टाकत नाही. माय तर हात लावू देत नाही. आता तूच अर्ध्यातून उठून गेलीस, तर या सोंड्यांचं मी करायचं तरी काय होतं, सांग!

बघ, आल्या आल्या भांडायला लागले. दुसरं काय येतंय मला! तू गेलीस त्या दिवशी सगळं गाव रडून मोकळं झालं. शेजारणी आल्या, गळ्यात पडल्या, मोठ्यानं रडल्या, नाकं पुसून घरी गेल्या. मला मेलीला रडूच येईना. 'ननंदेचं काळीज दगडाचं हाय,' असं कुणीतरी दाराआड बोललं, मी ऐकलं. दांडीवरचं तुझं लुगडं उतरवायला सांगितलं मला मायनं. उतरवलं, घडी घातली, आणि पुन्हा दांडीवर टाकलं. अजून तिथंच आहे.

तू आलीस तेव्हा मी माहेरी येऊन बसले होते. प्लेगात माझं कुंकू गेलं. नवऱ्याचा चेहरा मी नीट बघितलेलाही नव्हता. बघायची लाज वाटायची, आणि लाज मोडायच्या आत तो गेला. पांढऱ्या कपाळानं चकलांब्याला परत आले ती दळण, शेण आणि सारवण यांत शिरले. बोलायची नाही, हसायचं तर नावच नाही. आणि मग तू आलीस, जालन्याच्या छावणीतल्या हवालदाराची लेक. शहागडला नावेतून गोदावरी ओलांडताना सासरची माणसं तुझ्या पेटीवर बसली होती, तर तू म्हणालीस, 'पेटीत देव हायेत, उठा.' सगळी टुणकन उठली. पेटीत देव कुठले? निळ्या कापडाच्या पुठ्ठ्याचं एक इंग्रजी पुस्तक होतं. तुला शिकवणाऱ्या पाद्र्याच्या मडमेनं विलायतेला परत जाताना दिलेलं. ती बाई स्कॉटलंड नावाच्या डोंगराळ मुलखातली, आणि पुस्तकातला गडीही तिथलाच.

अंगस त्याचं नाव. पुस्तकात एकच चित्र होतं: खडकावर उभा राहिलेला अंगस, खांद्यावर घोंगडी, आणि कमरेला चुण्या-चुण्यांचा घागरा. मी ते चित्र पहिल्यांदा बघितलं आणि म्हणाले, 'अगं बाई, हा बुवा हाय का बाई?' तू इतकी हसलीस की पाण्याचा हंडा लवंडला.

दादाला उर्दू येतं, मोडी येते, बीडच्या अदालतीत तो भल्याभल्यांना जेरीस आणतो. इंग्रजी मात्र साऱ्या गावात एकट्या तुला येत होतं, आणि सुनेनं पुस्तक घेऊन बसणं म्हणजे घर बुडालंच म्हणायचं. पण तू लई बिलंदर. श्रावण लागला आणि तू मायला म्हणालीस, 'आत्याबाई, आमच्याकडं डोंगरदेवाची एक कहाणी सांगतात. लांब हाय. चातुर्मासभर चालते.' मायनं लगेच वाटीत ज्वारी घेतली, माझ्या मुठीत घातली, आपल्या मुठीत धरली आणि डोळे मिटून बसली. आणि तू घसा खाकरून सुरू केलंस, 'आटपाट डोंगर होता. तिथं अंगस नावाचा एक तरणाबांड गडी होता...' तुझ्याकडं बघायची माझी छाती होईना. बघितलं असतं तर तिथंच फुटले असते.

काय सांगायचीस गं तू! अंगसच्या भावाला कुणी मारलं, म्हणून तो सूड घ्यायला दुश्मनाच्या वाड्यात मोतद्दार बनून राहिला. तिथं दुश्मनाची लेक मेरी. घोड्याला खरारा करता करता त्याचा जीव तिच्यावर जडला. 'बांधावरनं भांडण व्हतं का त्यांचं?' मायनं डोळे मिटूनच विचारलं. तू म्हणालीस, 'हो आत्याबाई, बांधावरनंच. भावकीच ती.' मग कळलं की भावाला मारणारा मेरीचा बाप नव्हताच, अंगसचा सख्खा चुलता होता! मायनं कपाळावर हात मारला. 'चुलताच आसनार. मला पैल्यापून वाटतच व्हतं.' आणि त्यानंतर कळलं की हा मोतद्दार कोण आहे हे मेरीला पहिल्या दिवसापासून ठाऊक होतं. तेव्हा तर मीच ओरडले, 'मग कावून गप बसली ती?' तू शांतपणे म्हणालीस, 'वन्सं, सगळं ठाऊक असूनही गप बसणारी माणसं असतात.' तेव्हा मला ते नुसतं पुस्तकातलं वाटलं.

माय काय एकेक विचारायची! तो खातो काय? जवासारख्या दाण्याची लापशी, तू म्हणालीस. 'म्हंजी सोज्वळ हाय.' वाजवतो काय? कातड्याची पिशवी काखेत दाबून पुंगी फुंकतो. 'धनगर हाय का?' मेंढरं असतात घरोघर. 'तरीच घोंगडी.' आणि एका सोमवारी, तू अगदी युद्धाच्या तोंडाशी आली असताना, मायनं एक डोळा उघडून विचारलं, 'त्या घागऱ्याच्या आत लंगोट तरी आसतो का न्हाई?' तू पदर तोंडात कोंबलास. मी पदर तोंडात कोंबला. मायनं पुन्हा डोळा मिटला.

आणि ती म्हशीची गोष्ट! म्हैस चुकली, दोन गावं पालथी घातली तरी मिळेना. मायनं नवस बोलला, तो नेमका अंगसला. म्हैस आपल्या पायानं परत आली. मायनं पाट मांडला, पाटावर घोंगडीची घडी ठेवली, पुढं लापशीचं ताट आणि उदबत्ती. तुझ्याकडं वळून म्हणाली, 'याला आरती काय म्हंत्यात तुमच्याकडं?' तू म्हणालीस, 'आरती न्हाई आत्याबाई, नुसतं हात जोडायचे.' तिघी हात जोडून बसलो. त्या दिवशी परसात जाऊन आपण पोटं धरधरून हसलो. मी हसतेय हे मला मधेच कळलं, आणि मी घाबरून गप्प झाले. तू माझ्या पाठीवरून हात फिरवलास आणि म्हणालीस, 'हसा वन्सं, कुणाचं काय जात न्हाई.'

तुझं तरी काय सुखाचं होतं? कूस उजवली नाही म्हणून येता-जाता टोमणे. दादा वाईट नव्हता, पण तुझ्या बाजूनं कधी बोललाही नाही. तुझ्या पोटाला मूल नाही, माझ्या कपाळाला कुंकू नाही. घरभर माणसं आणि आपण दोघी एकट्या. मला पाटीवर अक्षरं गिरवायला तू शिकवलंस ते त्याच दिवसांत. माझा 'ग' कायम उलटा यायचा. गया नाव असून 'ग' येईना, म्हणून तू माझा कान धरायचीस. आज हे लिहिते आहे तेव्हा सगळे 'ग' सुलटे येतात, आणि बघायला तू नाहीस.

मग आला नेकनूरचा केशव, तुझा मावसभाऊ. बायको बाळंतपणात गेलेली, मागं एक लहान लेक. तुला भेटायला म्हणून आला, विहिरीवर माझ्या कळशीतलं पाणी प्याला, तोंड पुसलं आणि विचारलं, 'ताईच्या कहाणीतला घागरेवाला कुठवर आला?' तू त्यालाही सांगत होतीस होय! मी कळशी तिथंच टाकून घरात पळाले. पळताना हसू येत होतं. तू दारातच उभी होतीस आणि तुझ्या डोळ्यांत मला सगळं दिसलं.

तू दादाकडं माझ्या दुसऱ्या लग्नाचा विषय काढलास. दादा जेवत होता. 'पाट? आपल्या घरात? भावकीत तोंड दाखवू का नको मी?' ताट सरकवून उठला. माय जात्यावर होती. तिनं जातं थांबवलं नाही, मान वर केली नाही, एक अक्षर बोलली नाही. मला वाटलं, झालं, हिचंही तेच. आणि मीही म्हणून टाकलं, 'मला न्हाई करायचं काही.'

तू माझ्याशी भांडली नाहीस. तुझी सगळी भांडणं अंगसच्या तोंडून. गेल्या चातुर्मासात कहाणी अशा जागी आणून ठेवलीस की माझी झोप उडाली. अंगस लढाईला गेला. तो मेल्याची खबर आली. मेरी काळे कपडे घालून बसली. शेजारच्या रानातला रॉबर्ट नावाचा भला माणूस रोज येतो, तिच्या बापाची मेंढरं बघतो, आणि एक दिवस टोपी हातात घेऊन विचारतो, माझ्या घरी येशील का? आणि तू थांबलीस. पुस्तक मिटलंस. 'पुढचं सांगणार न्हाई. आधी वन्संनी सांगायचं, मेरीनं काय करावं.'

'वाट बघावी,' मी म्हणाले.

'कुणाची? मेलेल्याची?'

'मेला न्हाई तो. मला ठाव हाय. कहाणीत असं मरत न्हाईत.'

'अन् मेला असला तर?'

'तरी वाट बघावी!'

'का म्हणून?'

का म्हणून, ते तुला सांगितलं नाही. आता सांगते. मेरी जर रॉबर्टच्या घरी गेली आणि तिथं सुखानं नांदली, तर मी ही वर्षं कशासाठी काढली? हे पांढरं कपाळ, सणाला मागच्या दारानं जाणं, लग्नघरात अंग चोरून बसणं, हे सगळं उगाचच? त्यापेक्षा मेरीनं कुजावं, वैनी. असं मला खरंच वाटत होतं. तुला बोलले असते तर तू मला जवळ घेतलं असतंस, आणि ते मला नको होतं.

किती दिवस चाललं ते! भाकऱ्या थापताना, शेणी लावताना, एकदा तर नदीवर कपडे धुताना तू पिळा हातात धरून म्हणालीस, 'रॉबर्टनं काय पाप केलंय, सांगा की.' मी म्हणाले, 'तुला लईच पुळका हाय त्याचा. तूच जा नांदायला.' माय रोज दाणे घेऊन बसायची, आपलं चाललेलं बघायची, दाणे पुन्हा बांधायची. कार्तिक सरला. तू केशवला निरोप धाडलास, 'कहाणी संपेपर्यंत थांब.' आणि मग तुला ताप भरला. गेवराईचा हकीम आला, काढे झाले, अंगारे झाले. शेवटी शेवटी तुझं भान गेलं होतं. मी कानाशी तोंड नेऊन विचारलं, 'वैनी, शेवट काय हाय?' तू डोळे उघडलेस. मला ओळखलंस, एवढं नक्की. पण सांगितलं नाहीस. मेली हट्टी!

तेराव्याला तुझा धाकटा भाऊ जालन्याहून आला. मी पुस्तक पदराखाली घेऊन त्याला गोठ्यामागं गाठलं आणि म्हणाले, शेवटची पानं वाचा, मला मराठीत सांगा. तो बिचारा रडत रडत वाचत होता. मेरीनं रॉबर्टला नाही म्हटलं. वाट बघितली. वर्षं गेली. आणि एका जत्रेच्या दिवशी दाढी वाढलेला, खांद्यावर घोंगडी टाकलेला एक भिकारी दारात आला, त्यानं घोड्याला घालतात तशी शीळ घातली. अंगस! दुश्मनाच्या कैदेत होता तो. मग लग्न, पुंग्या, लापशी, सगळं.

म्हणजे मी म्हणत होते तेच खरं होतं. भांडण मी जिंकले होते. ओठावर आलं, 'बघ! म्हटलं होतं का न्हाई!' पण म्हणू कुणाला? गोठ्यात एक रेडकू होतं फक्त. आणि वैनी, तिथं उभ्या उभ्या मला कळलं. तुला शेवट पहिल्यापासून ठाऊक होता. तो माझ्या बाजूचा होता म्हणूनच तू मला सांगितला नाहीस. मला तो कळला असता तर मी त्याला कवटाळून जन्मभर बसले असते. आणि माझा माणूस काही कैदेत नव्हता. त्याची चिता मी बघितली होती. तेव्हा मला रडू आलं. रेडकापाशी बसून रडले, तुझ्यासाठी, आणि त्या न बघितलेल्या चेहऱ्यासाठीही.

त्याच दिवशी पंगतीत काय झालं, तेही ऐक. पत्रावळीवर तुझ्या नावाचं गोड होतं आणि भावकीतले म्हातारे दादाला मुली सांगत होते. एक पाडळशिंगीची, एक मादळमोहीची. 'घर बाईवाचून ऱ्हात न्हाई, तरणा हायेस.' दादा खाली मान घालून म्हणाला, 'बघू.' बघू! माझ्या हातात वाढायचं ताट होतं. त्याच्या डोक्यात घालावंसं वाटलं. केशवही आला होता. जाताना दाराशी थांबला. पागोटं हातात. 'ताईनं थांब म्हटलं व्हतं,' एवढंच बोलला आणि गाडीत बसला.

आणि काल दुपारी माय माजघरात बसली. देवळीतलं फडकं काढलं, सोंडे फुंकून उडवले, निम्मे दाणे माझ्या मुठीत दिले, निम्मे आपल्या. 'गये, कहाणी पुरी कर. आर्दी ठिवू ने.'

'मला न्हाई येत, माय.'

'येतंय तेवडी सांग.'

तुझी जागा मोकळी होती. मी तुझ्यासारखाच घसा खाकरला. मेरी काळ्या कपड्यांत बसली होती, मी म्हणाले. रॉबर्ट टोपी हातात घेऊन उभा होता. मायचे डोळे मिटलेले. मी मूठ घट्ट केली आणि म्हणाले, 'मेरीनं लई इचार केला. अंगसला मनातल्या मनात हात जोडले. अन् रॉबर्टला म्हनली, येते मी.'

मायनं डोळे उघडले. 'पुस्तकात आसंच हाय?'

'व्हय.'

'खोटं.' माय म्हणाली. 'तुज्या वैनीचा भाऊ वाचत व्हता तवा मी भिताडाच्या पल्याड शेणी थापत व्हते. तो दाढीवाला परत येतो, मला ठाव हाय.'

मी म्हणाले, 'माय, डोंगरदेवाची कहाणी बदलली मी.'

'कंचा देव? देव कुटं घागरा घालून हिंडतो का? खुळी समजता का मला, दोगी बी?' आणि ती हसली, वैनी. आणि लगेच तिचे डोळे भरले. 'म्हस सापडली व्हती, लापशी करायचीच व्हती. तू पदर कोंबून हसत व्हतीस. सासरहून आल्यापून पैल्यांदा. म्हनून मी रोज बसत व्हते.'

सगळं ठाऊक असूनही गप बसणारी माणसं. तू तेव्हा मायकडं बघून बोलली होतीस का गं?

मी म्हणाले, 'दादा?'

'त्याचं मी बघते. बायकूची राख निवली न्हाई तर पोरी बघाया निगालाय. त्याला चालतंय, मग माज्या लेकीनं काय घोडं मारलंय?' तिनं मुठीतले दाणे माझ्या मुठीत ओतले. 'नेकनूरला सांगावा धाड. कहानी संपली म्हनावं.'

आम्ही दोघी अंगणात गेलो. किडके दाणे तुळशीला कसे वाहायचे? माय म्हणाली, कोंबड्यांना टाक, त्यांनाही पुण्य लागंल. कोंबड्यांनी घटकेत फस्त केले. मी रिकामा हात झाडत उभी राहिले. माय तुळशीच्या कट्ट्यावर टेकली आणि तिनं अगदी श्रावणातल्यासारखं विचारलं, 'मग, सुखी झाली का ती मेरी?'

'पुढचं मला कुनी सांगितलं न्हाई, माय.'

'मग जाऊन बघ. अन् मला येऊन सांग.'

सांगावा गेला, वैनी. पुस्तक मी माझ्या पेटीत घालणार आहे, आणि पेटीवर कुणी बसलं तर आत देव आहेत म्हणेन. भांडण मी जिंकलं होतं हे विसरू नकोस. पुस्तक माझ्या बाजूनं होतं, तरी मी तुझंच सांगितलं. नेकनूरला काय होतं, काय नाही, ते मायला येऊन सांगेन. ती मुठीत दाणे घेऊन ऐकेल. पण आधी तुला सांगायचं होतं मला.